आमदारांना भेटून नेमकं काय मागायचं? मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी पालकांना हे करता येईल

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल एक मोठा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला होता. पोलिसांच्या तपासावर विश्वास नाही म्हणून तिच्या वडिलांनी दिल्लीपर्यंत दाद मागितली होती. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिलाच, पण त्याच निकालात देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेसना लागू होतील अशा १५ सूचनाही दिल्या. त्यातली एक अशी: ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. विद्यार्थी कमी असतील, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. याबाबत कायदा होत नाही तोवर या सूचना बंधनकारक आहेत.

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मला तर जास्तच. माझा मुलगा नववीत असताना रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. दोन महिने आम्ही पोटाचेच डॉक्टर केले. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी दृष्ट काढून झाली. शाळेत विचारलं, तर अभ्यासाची टाळाटाळ करतो असं सांगितलं. दुखणं पोटाचं नव्हतं हे आम्हाला जिल्ह्याच्या गावी, सत्तर किलोमीटरवर गेल्यावर कळलं. शाळेतच कुणी ओळखणारं असतं, तर त्याचे ते दोन महिने वाचले असते.

निकालानंतर दिवाळीची सुट्टी आली नि गेली, सहामाहीचे निकाल लागले, शाळेत समुपदेशक काही आला नाही. तेव्हापासून मी आणि काही पालक लोकप्रतिनिधींच्या दारात जातो आहोत. त्यातून जे समजलं, ते इथे मांडते.

धरण भरलं, पण नळाला पाणी नाही

आधी एक शब्द समजून घेऊ. समुपदेशक म्हणजे मुलाचं ऐकून घेऊन, त्याच्याशी बोलून, त्याला स्वतःचा गुंता सोडवायला मदत करणारा प्रशिक्षित माणूस. तो औषधं देत नाही. औषधं देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसच्या पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. बहुतेक मुलांना पहिल्यांदा गरज असते ती समुपदेशकाची. कुणाला पुढे डॉक्टरकडे पाठवायचं, हेही तोच ओळखतो.

आता गावातली नळयोजना डोळ्यांसमोर आणा. धरण शंभर टक्के भरलं म्हणून घरात पाणी येत नाही. मधे मोठी जलवाहिनी लागते, टाकी लागते, गल्लीतली पाइपलाइन लागते आणि प्रत्येक टप्प्यावर एक व्हॉल्व्ह असतो. पाणी आलं नाही, तर आपण धरणावर जाऊन ओरडत नाही. कुठला व्हॉल्व्ह बंद आहे आणि त्याची चावी कुणाकडे आहे, हे विचारतो.

इथे धरण म्हणजे कायदा आणि न्यायालयाचा निकाल. ते भरलेलं आहे. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि त्यात मुलांसाठीच्या सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३१ म्हणतं की लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ तयार करण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करावेत. ही दहा वर्षं मे २०२८ मध्ये भरतात. आमदारांशी बोलताना हे साल लक्षात ठेवा, कारण तोवर किती माणसं नेमली, हा प्रश्न आजच विचारता येतो.

जलवाहिनी म्हणजे शासन निर्णय, ज्याला आपण जीआर म्हणतो: खात्याने काढलेला लेखी आदेश, जो आल्याशिवाय खालचा अधिकारी सहसा हलत नाही. टाकी म्हणजे जिल्हा, तिथले शिक्षणाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर. नळ म्हणजे शाळा. आणि चाव्या? त्यातल्या बऱ्याच निवडून आलेल्या माणसांकडे असतात.

हा घरचा प्रश्न, राजकारण्यांकडे कशाला न्यायचा?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला, तोही आयांकडून. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात असं धरलं, तर चार मुलं. त्याच पाहणीत असं दिसलं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यात महाराष्ट्राचा आकडा १,७६४, सगळ्या राज्यांत जास्त.

प्रत्येक वर्गात चार मुलं असतील, तर हा एखाद्या घराच्या संस्कारांचा प्रश्न उरत नाही. पोलिओचे डोस आठवा. आपण घरोघरी उत्तम आई-बाप झालो म्हणून पोलिओ गेला नाही. बूथ लागले, आशाताई दारात आल्या, बाळाच्या बोटावर शाई लागली. ती यंत्रणा सरकारने उभी केली होती आणि तिच्यावर वरून लक्ष होतं. मुलांच्या मनासाठी तशी यंत्रणा कागदावर आहे. ती चालते का, हे विचारणारं कुणी नाही.

कुणाच्या हातात काय असतं

इथे बहुतेक पालकांची गल्लत होते. खासदारांना भेटून शाळेची तक्रार सांगितली जाते आणि नगरसेवकाकडे नवा कायदा मागितला जातो. दोघंही "बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

सुरुवात शाळेतूनच करा. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे बहुमत आपलंच. समुपदेशक हवा असा ठराव तिथे एका बैठकीत होऊ शकतो. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ हे काम करू शकतो. गाव असेल तर ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो, हेही सभेत आठवण करून द्यायला हरकत नाही. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडली की वरच्या पत्राचं वजन वाढतं. मग ते चार पालकांचं गाऱ्हाणं राहत नाही, गावाची मागणी होते.

जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवक यांच्याकडे आपापल्या संस्थेच्या शाळा आणि दवाखाने येतात. आपल्याकडच्या बऱ्याच महापालिका आणि जिल्हा परिषदा कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात विचारायला दारच नव्हतं. जिथे आता निवडून आलेली माणसं बसली आहेत, तिथे अंदाजपत्रकात समुपदेशकांसाठी तरतूद आहे का, हा पहिला प्रश्न.

आमदारांकडे मात्र खूप काही आहे, आणि आपण त्यांच्याकडून फक्त शिफारसपत्र घेऊन येतो.

एक म्हणजे विधिमंडळातला प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तातडीचा सार्वजनिक विषय असेल तर लक्षवेधी सूचना. यातला कुठलाही प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला फोन जातो आणि माहिती गोळा व्हायला लागते. कित्येकदा काम तिथेच सुरू होतं. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात विषय यायला हवा असेल, तर आमदारांना दसऱ्याच्या सुमारास भेटा. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊन उपयोग नसतो.

दुसरं म्हणजे पंचायत समितीची वार्षिक आमसभा. तालुक्याचे आमदार अध्यक्षस्थानी असतात, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि सामान्य माणूस उभा राहून प्रश्न विचारू शकतो. अनेक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही. तर मग पहिली मागणी तीच करा.

तिसरं, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्ह्याचा वार्षिक पैसा कुठे जायचा ते इथे ठरतं. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात तयार होत असतो, त्यामुळे मार्चमध्ये गेलेलं पत्र वर्षभर वाट पाहतं.

खासदारांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, कारण ती फार कमी जणांना ठाऊक आहे. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी जिल्हास्तरीय समिती असते, तिला दिशा समिती म्हणतात, आणि तिचे अध्यक्ष लोकसभेचे खासदार असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला केंद्राचाही पैसा येतो. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची जागा भरलेली आहे की रिकामी, हे खासदार त्या बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सकांना थेट विचारू शकतात. त्यासाठी विषयपत्रिकेवर तो विषय हवा, आणि तो घ्या असं आपण आधी लिहून द्यायला हवं.

गोव्यातल्या वाचकांचं काम त्या मानाने सोपं. विधानसभा चाळीस आमदारांची, मतदारसंघ लहान, आमदार बाजारातही भेटतात.

एका पानाचं पत्र

आम्ही पहिल्यांदा आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेलो तो सोमवार होता. सकाळी साडेनऊलाच बाहेरच्या बाकांवर तीस-चाळीस माणसं. कुणाला रुग्णालयाचं बिल कमी करून हवं होतं, कुणाला दाखला, कुणाच्या शेतातली डीपी जळली होती. स्वीय सहायकांच्या टेबलावर डाव्या हाताला पत्रांचा गठ्ठा, उजव्या हाताला आवक नोंदवही. आमचं पत्र चार पानी होतं. मोबाइल, स्पर्धा, विभक्त कुटुंबं, सगळं लिहिलं होतं. शेवटी 'तरी मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती'. त्यांनी पहिलं पान वरून पाहिलं, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "ताई, साहेबांनी करायचं काय?"

आमच्यापैकी कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता. डीपी जळलेल्या शेतकऱ्याला त्याचं उत्तर माहीत होतं.

पुढच्या खेपेला पत्र असं होतं:

प्रति,
मा. विधानसभा सदस्य

विषय : तालुक्यातील शाळांमधील समुपदेशकांची माहिती मागवण्याबाबत.

महोदय,
आम्ही आपल्या मतदारसंघातील विद्यार्थ्यांचे पालक आहोत. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २५ जुलै २०२५ च्या निकालानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत प्रशिक्षित समुपदेशक असणे बंधनकारक आहे. तालुक्यातील अशा प्रत्येक शाळेत समुपदेशक आहे किंवा नाही, असल्यास त्यांचे नाव, याची यादी आपण गटशिक्षणाधिकारी यांच्याकडून मागवून घ्यावी व तिची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती.
सोबत : शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत.
आपले विश्वासू,
(२३ पालकांच्या सह्या, गाव आणि मोबाइल क्रमांक)

या पत्रात एकच काम आहे. ते आमदारांच्या हातातलं आहे, त्याला पैसा लागत नाही आणि ते झालं की नाही हे कळतं. स्वीय सहायकांनी आमच्यासमोरच गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्राचा मसुदा सांगितला. पोच मात्र मागून घ्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसेल, तर पुढच्या वेळी पत्र दिल्याचं सांगून उपयोग होत नाही.

जाताना पाच-सहा जणांनी जा. त्यात एखादे निवृत्त शिक्षक किंवा गावातले डॉक्टर असतील तर फार चांगलं. बोलायचं एकानेच. भेट पाच मिनिटांची असते.

आकडे कुठून आणायचे?

आपल्या तालुक्याचा आकडा हाताशी असेल तर बोलणं लवकर पुढे सरकतं. तो माहितीच्या अधिकारात मिळतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. जिल्हा रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना एवढंच विचारा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षभरात १८ वर्षांखालचे किती रुग्ण तपासले. का, कशामुळे असे प्रश्न विचारू नका, त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. नोंदवहीत असेल तेच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

"पैसा नाही" असं म्हणाले तर?

म्हणतीलच, आणि काही वेळा ते खरं असतं. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, आमदारांनाही स्वतंत्र निधी असतो. पण हा पैसा बांधकाम आणि टिकाऊ कामांसाठी आहे. खासदार निधीतून पगार देता येत नाही. त्यामुळे "तुमच्या निधीतून समुपदेशक द्या" या मागणीला 'नियमात बसत नाही' हे उत्तर प्रामाणिक असतं. स्थानिक निधीतून मागायचं ते खोलीचं बांधकाम: दार लावून मुलाशी बोलता येईल अशी एक खोली. आपल्या शाळांमध्ये समुपदेशन स्टाफरूमच्या कोपऱ्यात चालतं, बाजूला वह्या तपासणारे चार शिक्षक. तिथे कुठलं मूल तोंड उघडेल? पगार येतो शिक्षण आणि आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातून. म्हणून पगाराची मागणी विधिमंडळात आणि जिल्हा परिषदेत न्यायची.

काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक शाळेत आणि वसतिगृहात ठळक लावावा, असं निकालातच आहे. भिंतीवर रंगवायला किती खर्च येतो? शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेही त्यात आहे. वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळांसाठी केंद्रशाळेमार्फत, म्हणजे आसपासच्या शाळा जिला जोडलेल्या असतात त्या शाळेमार्फत, जिल्हा रुग्णालयाच्या पथकाशी जोडणी करून द्या अशी मागणी करता येईल. केंद्रप्रमुखांची व्यवस्था आपल्याकडे आहेच.

आणि हे या सगळ्याहून महत्त्वाचं. पत्र, प्रश्न, आराखडा यांना महिने लागतात. तुमचं मूल आज रात्री त्रासात असेल, तर आमदारांची वाट पाहू नका. १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

माझ्या मुलाचं नाव बाहेर येईल का?

येता कामा नये, आणि ती काळजी आपणच घ्यायची. पत्रात कुठल्याच मुलाचं नाव, वर्ग, आजार लिहू नका. सही पालक म्हणून करा, रुग्णाचे नातेवाईक म्हणून नको. २०१७ च्या कायद्याने आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि संमतीशिवाय ती माध्यमांना देता येत नाही. भेटीत एखादा अनुभव सांगितला, तर गोष्ट खरी असते आणि ऐकणाऱ्याला भिडते, हे मान्य. पण मुलाला विचारल्याशिवाय सांगू नका. मी हा लेख लिहिण्याआधी माझ्या मुलाला वाचून दाखवला. त्याने एक परिच्छेद काढायला सांगितला, मी काढला. भेटीचे फोटो निघतात आणि संध्याकाळी फेसबुकवर येतात, म्हणून मुलांना सोबत नेऊच नका.

पक्षाचा शिक्का बसेल, ही भीतीही खरी आहे. आम्ही एक साधी पद्धत ठेवली. जे पत्र आमदारांना, तेच त्याच आठवड्यात विरोधात निवडणूक लढवलेल्या उमेदवारांना आणि विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांना. मिळालेल्या प्रत्येक मदतीचे आभार लेखी.

पत्र दिल्यानंतर

आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, कुणाला भेटलो, काय म्हणाले, पुढची तारीख. पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने प्रत्यक्ष भेट. उत्तर आलं नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज, तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. जिल्हाधिकाऱ्यांकडचा पहिल्या सोमवारी. निकालाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समितीही सांगितली आहे. ती स्थापन झाली का आणि तिची बैठक कधी झाली, हा प्रश्न तिथेच विचारा.

यादी आम्हाला सातव्या आठवड्यात मिळाली. दोन पानं, शाळांची नावं, समोर 'आहे' किंवा 'नाही'. आमच्या मुलांच्या शाळेपुढे 'आहे' लिहिलं होतं आणि नाव होतं खेळाच्या सरांचं. सर भले आहेत, मुलं त्यांच्याशी बोलतात. त्यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आपलं नाव यादीत गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

आता दुसरं पत्र दिलंय. यादीत तीन रकाने वाढवून मागितलेत: समुपदेशकाचं शिक्षण, मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण कुठे आणि कधी घेतलं, आणि आठवड्यातून कोणत्या वारी शाळेत बसतात. या वेळी सह्या एकेचाळीस आहेत. त्यातली एक खेळाच्या सरांची. त्यांचा मुलगा सातवीत आहे.